मसूर पिकते कुठे आणि तिचा भाव ठरतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा मराठवाड्यातला. सध्या कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये, मसूर आणि वाटाणा साफ करून कंटेनर भरणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. २०२१ मध्ये इथे दुष्काळ पडला, मसूर कमी आली आणि भाव कडाडले. २०२३ मध्ये पुन्हा पाऊस दगा देऊन गेला, पीक पुन्हा कमी. तेव्हा शेतकऱ्यांनी माल दाबून ठेवला, पण लाल मसुरीचा भाव काही तसा चढला नाही. सगळे म्हणतात ऑस्ट्रेलियाने मारलं. तुम्ही मुंबईत बसून हा माल विकत घेता. हजारो किलोमीटरवर कुणाचं पीक चांगलं आलं म्हणून इथल्या शेतकऱ्याचा भाव खरंच पडतो का, आणि पडतो तर कसा?"

पडतो. तुमचे शेतकरी म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. ऑस्ट्रेलियाची बोट मुंबईत लागते आणि भाव पडतो, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात भाव त्याच्या दोन-तीन महिने आधी पडलेला असतो. बोट लागते तेव्हा आम्ही दलाल पुढच्या पिकाकडे बघत असतो.

मी सव्वीस वर्षं कडधान्यांची दलाली करतो आहे, वाशीच्या दाणा बाजारातून. आयातदार एका फोनवर, डाळ मिलवाला दुसऱ्या फोनवर. सकाळी मिलवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कॅनडा काय, ऑस्ट्रेलिया काय?" तुमच्या कारखान्यातून निघालेला माल छान असतो, दाणा सारखा असतो, कचरा नसतो. सगळं कबूल. पण लाल मसूर सोलून तिची डाळ किंवा मलका, म्हणजे सोललेली अख्खी मसूर, काढायची असेल, तर मिलवाल्याला दोन्ही देशांचा माल चालतो. तो उतारा, म्हणजे मालातून डाळ किती निघते ते बघतो, रंग बघतो, तुकडा किती निघतो ते बघतो आणि फरकापोटी टनाला दहा-वीस डॉलर इकडेतिकडे करतो. त्यापलीकडे त्याची कुठल्याही देशावर माया नाही. म्हणजे तुमच्या शेतकऱ्याला जो भाव मिळतो, तो त्याच्या मालाची किंमत म्हणून मिळत नाही. मिलवाल्याला त्याच दिवशी दुसरीकडून जो माल मिळू शकतो, त्याची किंमत तुमच्या शेतकऱ्याच्या पदरात पडते.

हे पडतळीच्या, म्हणजे माल दारात पडेपर्यंतच्या सगळ्या खर्चाच्या हिशेबाच्या, भाषेत सांगतो, कारण आमचा सगळा धंदा पडतळीवर चालतो. आकडे समजण्यापुरते धरा, आजचा बाजार म्हणून नको. ऑस्ट्रेलियाची लाल मसूर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात पोच टनाला ६०० अमेरिकी डॉलरला मिळते आहे असं समजू. मग कॅनडाचा मालही ६०० च्या आसपासच विकावा लागेल. त्यातून जहाजाचं भाडं वजा करा, समजा ६० डॉलर. सस्कॅचेवान ते व्हँकुव्हर रेल्वे, सफाई, भराई, बंदराचा खर्च आणि तुमच्या मालकाचा नफा मिळून आणखी १०० वजा करा. राहिले ४४०. एका अमेरिकी डॉलरचे १.३७ कॅनडियन धरले तर साधारण ६०३ कॅनडियन डॉलर टन. तुमच्याकडे भाव पौंडाला सेंटात बोलतात आणि टनात सुमारे २,२०५ पौंड असतात. झाले सव्वासत्तावीस सेंट.

आता ऑस्ट्रेलियात पीक उत्तम दिसायला लागलं आणि तिकडचा विक्रेता ५६० ला तयार झाला. भाडं तेवढंच, रेल्वे तेवढीच, मालकाचा नफा तर कमी होतच नाही. शेताच्या बांधावर ४४० चे ४०० झाले, म्हणजे पंचवीस सेंटांच्या जरा खाली. मुंबईत भाव पावणेसात टक्के उतरला आणि शेतकऱ्याचा नऊ टक्के. मधला खर्च जागचा हलत नाही, म्हणून उतार सगळा शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. एकरी १,४०० पौंड उतारा धरला तर एकराला जवळपास ३५ कॅनडियन डॉलर गेले. हजार एकर मसूर असलेल्या माणसाचे पस्तीस हजार, आणि ते गेले अशा माणसामुळे ज्याला त्याने कधी पाहिलेलंही नाही.

ऑस्ट्रेलियन डॉलर घसरला तर हे आणखी पुढे जातं. तिकडच्या शेतकऱ्याला त्याच्या चलनात तेवढाच पैसा मिळतो आणि तो अमेरिकी डॉलरमध्ये स्वस्त विकायला मोकळा होतो. तुमच्या शेतकऱ्यांना पावसाचे नकाशे तोंडपाठ असतात, पण दोन डॉलरांमधला हा फरक फार थोडे जण बघतात.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सस्कॅचेवानात मसूर मेमध्ये पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढतात. ऑस्ट्रेलियात, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाचा यॉर्क द्वीपकल्प आणि व्हिक्टोरियातला विमेरा-मॅलीचा पट्टा, मे-जूनमध्ये पेरतात आणि ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर काढतात. आपल्याकडे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालात ती रब्बीला पेरतात आणि फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत बाजारात आणतात. तुर्कस्तानात मे-जून. म्हणजे जगात कुठे ना कुठे मसुरीची काढणी चालूच असते. तुमच्या शेतकऱ्याला 'फक्त माझाच नवा माल बाजारात आहे' असं म्हणायला वर्षातून दहा-बारा आठवडे मिळतात: सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा थोडा भाग.

बरं, हे दहा-बारा आठवडेही खरे त्याचे नसतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन सरकारची 'अबारेस' ही संस्था पिकाचा अंदाज जाहीर करते. तो चांगला असला की इथला आयातदार हात आखडता घेतो. "गरजेपुरतं घ्या, डिसेंबरात बघू." ऑस्ट्रेलियात एक दाणासुद्धा कापलेला नसतो. पण तिकडचा व्यापारी नोव्हेंबर-डिसेंबर भरणीचा सौदा आजच द्यायला तयार असतो आणि तो सौदा माझ्या वहीत तुमच्या मालाशेजारी लिहिलेला असतो. न पिकलेलं पीक पिकलेल्या पिकाशी भांडतं ते असं. उलटही होतं: सप्टेंबर-ऑक्टोबरात विमेरातल्या हॉर्शमच्या बाजूला दंव पडलं किंवा फुलोऱ्यात पाऊस ओढला, की आमच्या बाजारात दोन दिवसांत उचल वाढते.

आता तुमची दोन वर्षं शेजारी ठेवू.

२०२० मध्ये कॅनडात २८ लाख टनांच्या पुढे मसूर झाली. २०२१ च्या दुष्काळात ती १६ लाख टनांवर आली. ऑस्ट्रेलियात तेव्हा पीक चांगलं होतं, पण ही एवढी मोठी खाच भरून निघेल इतकं नव्हतं. लाल मसूर तुमच्याकडे चाळीस सेंटांच्या पुढे गेली. ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याला टनाला त्याच्या चलनात हजार डॉलरच्या आसपास मिळाले. त्याची तर दोन्हीकडून दिवाळी झाली, पीकही आलं आणि भावही. दुसऱ्याचा दुष्काळ आपल्याला काय देऊन जातो, ते यॉर्क द्वीपकल्पाने त्या वर्षी पाहिलं आणि पुढच्या हंगामात मसुरीचं क्षेत्र वाढवलं.

ती वाढ अचानक झालेली नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाची मसूर वाईट वर्षी दोन-अडीच लाख टनांवर अडकायची. मग तणनाशक सहन करणाऱ्या जाती आल्या. 'हरिकेन' हे नाव आमच्या बाजारात आता मालाचं नाव म्हणूनच चालतं. ती जात २०१३ मध्ये आली. तणाचा प्रश्न सुटल्यावर मसूर मॅलीच्या रेताड जमिनीतही जाऊ लागली. २०२२-२३ च्या हंगामात तिथलं पीक दीड दशलक्ष टनांच्या घरात पोहोचलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही मोठंच राहिलं.

२०२३ मध्ये कॅनडाचं पीक पुन्हा १७-१८ लाख टनांपर्यंत घसरलं. म्हणजे जवळपास २०२१ एवढीच टंचाई. त्यात भारताला एल निनोचा फटका बसला होता. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आयात शुल्क शून्य होतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात आपण १६-१७ लाख टन मसूर आणली, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. तुमचं पीक कमी, गिऱ्हाइकाची भूक विक्रमी. कुठल्याही पुस्तकाप्रमाणे भाव २०२१ च्या वर जायला हवा होता. लाल मसूर ३५ सेंटांच्या आसपास घुटमळत राहिली. मधल्या काळात जग एवढंच बदललं होतं, की ती भूक भागवायला दुसरं कोठार उभं राहिलं होतं.

ऑस्ट्रेलियाने तुमच्या शेतकऱ्याचा भाव पाडला, यापेक्षा जास्त नेमकं मी असं म्हणेन: ऑस्ट्रेलियाने त्याचा विमा काढून घेतला. पूर्वी सस्कॅचेवानात पीक बुडालं, की जगात टंचाई व्हायची आणि उरलेल्या मालाला भाव मिळून शेतकरी तरायचा. आता पीक त्याचं एकट्याचं बुडतं. निम्मा माल आणि बेताचा भाव, असं वर्ष त्याच्या वडिलांनी पाहिलेलं नाही, म्हणून 'कमी पिकलं म्हणजे भाव येणारच' हे डोक्यातून जात नाही.

त्यात मीही फसलो, हे सांगायला हरकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विदर्भातल्या एका मिलवाल्याला मी छातीठोकपणे सांगितलं, की कॅनडाचा माल आत्ताच घ्या, दिवाळीनंतर हात लावता येणार नाही. त्यानंतर भारत आणि कॅनडाच्या सरकारांत वाद पेटला, आयातदार बिथरले, काहींनी सौदे थांबवले, आणि मला वाटलं आता तर तेजी पक्कीच. झालं उलटं. घाबरलेले आयातदार ऑस्ट्रेलियाकडे वळले. नवा माल डिसेंबर-जानेवारीत उतरायला लागला तो माझ्या मिलवाल्याच्या खरेदीपेक्षा स्वस्त. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढचे सहा महिने सौदे दुसऱ्या दलालाकडून केले. २०२१ ची आठवण माझ्याही डोक्यात बसली होती.

हे सगळं लाल मसुरीचं झालं. यावर विश्वास बसत नसेल तर तुमच्याच भागातल्या हिरव्या मसुरीकडे बघा. मोठी हिरवी मसूर, तुमच्याकडे जिला अजून 'लेअर्ड' म्हणतात, ती जात सस्कॅचेवान विद्यापीठाने १९७८ मध्ये दिली. ऑस्ट्रेलिया ती नावापुरतीच पिकवतो. त्याच २०२३-२४ च्या हंगामात हिरवीचा भाव लालच्या दुप्पट आणि कधी त्याहून वर गेला. तोच दुष्काळ, तोच शेतकरी, कुंपणाच्या अलीकडची जमीन आणि पलीकडची जमीन. एका पिकाला ऑस्ट्रेलियन वाटेकरी होता, दुसऱ्याला नव्हता. शिवाय आपल्याकडे तूर कडाडलेली होती, आणि तूर महागली की मोठ्या हिरव्या मसुरीची डाळ तिच्या जागी खपते. कुठे खपते आणि कुठल्या नावाने खपते, ते इथे लिहायला नको. अर्थात हिरवीचा तो थाटही कायमचा नव्हता. भाव बघून पुढच्या दोन हंगामांत तुमच्या शेतकऱ्यांनीच हिरवीखालचं क्षेत्र वाढवलं, रशिया आणि कझाकस्तानचा मालही वाढला, आणि ती खाली आली.

रशिया-कझाकस्तानचं नाव निघालंच आहे तर थोडं त्याबद्दल. त्यांची मसूर मुंबईत मोठ्या प्रमाणात येत नाही, ती मुख्यतः जाते तुर्कस्तानला. मेर्सिन आणि गाझियानतेपच्या गिरण्या ती सोलून इराक, सुदान आणि आसपासच्या देशांना विकतात. कॅनडाची लाल मसूरही त्याच गिरण्यांना जात असते. तिथे कझाकस्तानने जागा घेतली, की तुमचा तेवढा माल भारताच्या दाराशी जास्त येतो आणि माझ्या मिलवाल्याला घासाघीस करायला आणखी एक विक्रेता मिळतो. म्हणजे थेट स्पर्धा नसली तरी फटका बसतो. गंमत अशी, की १९८० च्या दशकात मसूर निर्यातीत तुर्कस्तान दादा होता आणि त्याला हटवणारा नवखा कॅनडा होता. तुर्की शेतकरी तेव्हा नेमकं हेच म्हणत असतील, जे आज तुमचे शेतकरी म्हणतात.

पण या सगळ्यांपेक्षा मोठा स्पर्धक निर्यातदार नाहीच. तो आहे मध्य प्रदेशातल्या विदिशा, सागर, दमोहचा शेतकरी. भारतात मसूर चांगल्या वर्षी तेरा ते सतरा लाख टन होते. ती आली की आयात लागते कमी, आणि आयात कमी लागली की बाहेरचे दोघे उरलेल्या तुकड्यावर तुटून पडतात. आपल्या पिकातला दोन लाख टनांचा फरक गव्हाच्या जगात कुणाच्या लक्षातही येणार नाही. मसुरीत तो मोठा आहे, कारण जगभरची उलाढालच पन्नास लाख टनांच्या आत-बाहेर चालते. एवढ्याशा तळ्यात एका बाजूने हंडा ओतला तरी दुसऱ्या काठाला कळतं.

२०१६ ते २०१८ या तीन वर्षांचा खेळ मी विसरणार नाही. २०१४ आणि २०१५ ला आपल्याकडे लागोपाठ पाऊस कमी. तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. मसूरही ओढली गेली. तुमच्याकडे लाल मसुरीचे भाव बघून शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये ५८ लाख एकरांच्या आसपास मसूर पेरली, तो आजवरचा विक्रम. पीक ३२ लाख टन झालं. त्याच वर्षी आपला पाऊस चांगला झाला, कडधान्यांचं उत्पादन विक्रमी झालं, आणि ऑस्ट्रेलियाचंही पीक मोठं आलं. तिन्हीकडे एकदम. आपल्या शेतकऱ्यालाही हमीभाव मिळेना, ओरड झाली, आणि २१ डिसेंबर २०१७ ला सरकारने मसुरीवर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं.

ती रात्र आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. माझ्या ओळखीच्या एका आयातदाराचे बारा कंटेनर समुद्रात होते. माल न्हावा शेवाला उतरायच्या आत ३० टक्क्यांनी महाग झाला. त्याने तो दुबईकडे वळवता येतो का ते पाहिलं, नाही जमलं, शेवटी तोटा सोसून सोडवला. पुढच्या वर्षी तुमच्याकडे लाल मसूर वीस सेंटांच्या खाली विकली गेली. हा फटका ऑस्ट्रेलियाच्या पिकाचा म्हणायचा, आपल्या पिकाचा, का शुल्काचा? माझं मत असं, की तिघांची काढणी एकदम चांगली आली आणि शुल्क हा त्याचाच परिणाम होता. सरकार शुल्क लावतं तेव्हा घरचं पीक भरपूर असतं, आणि शुल्क काढतं तेव्हा घरचं पीक कमी. २०२० मध्ये ते काही महिन्यांसाठी १० टक्क्यांवर आणलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर आणलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये शून्य केलं, आणि मार्च २०२५ मध्ये परत १० टक्के लावलं. या तारखा हवामानाच्या नोंदींशेजारी ठेवून बघा, फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

शुल्काचा आणखी एक पदर आहे, जो तुमच्याकडे फारसा बोलला जात नाही. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या दीड लाख टन मसुरीला दरवर्षी निम्म्या शुल्काची सवलत आहे. शुल्क शून्य होतं तोवर या सवलतीला काही अर्थ नव्हता. १० टक्के लागताच तिला किंमत आली. कॅनडाशी असा करार नाही. शुल्क ३० टक्क्यांवर गेलं तर हा फरक सोसणं कॅनडाच्या मालाला कठीण जाईल, निदान त्या दीड लाख टनांपुरतं तरी.

आणि वाटाणा. पिवळ्या वाटाण्यावर आपल्याकडे २०१७ पासून भारी शुल्क होतं, ते ८ डिसेंबर २०२३ ला काढलं. २०२४ मध्ये साधारण ३० लाख टन वाटाणा आला, मुख्यतः कॅनडा आणि रशियातून. स्वस्त वाटाण्याने सगळ्या डाळींच्या भावाची हवा काढली, मसुरीचीही. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क आहे. म्हणजे मसुरीचा भाव बघणाऱ्याने रशियाच्या वाटाण्याचं पीकसुद्धा बघायला हवं. कटकट आहे खरी.

'भाव पडला तर ऑस्ट्रेलियन शेतकरी पुढच्या वर्षी कमी पेरेल, आपोआप ठीक होईल' असं एकाने तुमच्यामार्फत मला विचारलं आहे. थोडं कमी पेरेल, पण तुम्हाला हवं तेवढं नाही. त्याच्याकडे गहू आणि बार्लीच्या फेरपालटात मसूर बसते, जमिनीत नत्र सोडते, पुढच्या गव्हाचं खत वाचवते. तुमच्या शेतकऱ्याचंही तेच. त्याच्या जमिनीत तर मूळकुजीचा रोग आहे, अफानोमायसिस. तो आलेल्या शेतात मसूर आणि वाटाणा सहा-आठ वर्षं परत घ्यायचा नाही असं सांगतात. त्यामुळे तो भाव बघून पेरायला पूर्ण मोकळा नाही आणि सोडायलाही नाही. दोन्हीकडे पेरा भावापेक्षा जमिनीच्या सोयीने चालतो. २०२५ मध्ये दोन्हीकडे पीक भरघोस आलं आणि भाव काय झाले, ते तुम्ही कारखान्यात बसून माझ्याआधी पाहिलं असेल.

मराठवाड्यातले म्हणता, तर तुमच्या घरच्यांना हे तुरीत रोजचं आहे. लातूर, अकोल्याची तूर डिसेंबर-जानेवारीपासून येते. म्यानमारची जवळपास त्याच सुमाराला, आणि मोझांबिक, टांझानिया, मलावीची ऑगस्टपासून. आफ्रिकेतलं पीक चांगलं असलं की दिवाळीला गोदामं भरलेली असतात आणि जानेवारीत लातूरचा मिलवाला शेतकऱ्याच्या ढिगाकडे सावकाश चालत जातो. २०२५ च्या सुरुवातीला तूर ७,५५० रुपये हमीभावाच्या आत-बाहेर आणि बरेचदा खालीच विकली गेली. त्यात शुल्कमुक्त आयातीचा वाटा होता, हे मी आयातीच्या धंद्यात असूनही नाकारणार नाही. तिकडे तुमचा शेतकरी जे ऑस्ट्रेलियाबद्दल बोलतो, ते इकडे तुमचा चुलता मोझांबिकबद्दल बोलत असेल. फरक एवढाच, की चुलत्याला हमीभाव आणि नाफेडची आशा आहे. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याला ना हमीभाव, ना वायदा. गहू किंवा कॅनोला या तेलबियासारखा मसुरीचा वायदा तिकडे नाही. भाव आज बांधून ठेवायचा तर व्यापाऱ्याशी लेखी करार करणं हाच मार्ग.

म्हणून करायचं काय? माल दाबून ठेवू नका असं मी सरसकट म्हणत नाही. पण कुणावर डोळा ठेवून दाबताय ते ठरवा. लाल मसूर असेल, आणि सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाचा अंदाज चांगला असेल, तर काढणीनंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांतच निम्म्यापर्यंत माल विकून मोकळं झालेलं बरं. नोव्हेंबरनंतरची वाट म्हणजे दोन पिकांची वाट: आधी ऑस्ट्रेलियाची, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये विदिशाची. दोन्ही बिघडली तरच ती वाट फळते. तसं होतं कधीकधी, पण त्यावर घर चालवू नये. अंदाज वाईट असेल, विमेरात पाऊस नसेल, तर मात्र थांबण्यात अर्थ आहे. तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या कृषी मंत्रालयाचे रब्बी पेऱ्याचे साप्ताहिक आकडे बघा. त्यात मसुरीचं क्षेत्र आदल्या वर्षापेक्षा कमी दिसलं, तर जानेवारीपर्यंत दम धरायला हरकत नाही. ३१ मार्चच्या पुढे शुल्काचं काय होणार याबद्दल कुणी खात्रीने सांगत असेल, मी धरून, तर त्याच्याकडून फक्त चहा घ्या.

पेरणीआधीच नव्या पिकाचा थोडा भाग करारावर विकायचा असेल तर तेही चांगलं. फक्त करारात नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे ना, ते वाचून सही करा. २०२१ मध्ये ते कलम नसलेल्या लोकांनी कमी भावाला बांधलेला माल पुरवण्यासाठी बाजारातून चढ्या भावाने मसूर विकत घेतली, असं मला तिकडच्या दोन निर्यातदारांनी सांगितलं. तुमच्या कारखान्याच्या कार्यालयात असा करारनामा नक्की पडलेला असेल. पाचव्या-सहाव्या पानावर बारीक अक्षरात बघा.